नागपुरात कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंय? ब्रीडर, पप्पी मिल आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू घ्यायला निघालेले लोक हे प्रश्न वर्षभर विचारत असतात. काही प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत, भाषेसकट. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ आणि ५ वाचा आणि मगच गाडी काढा.

१. ब्रीडर आणि पप्पी मिल यात फरक काय? पिल्लं तर दोघंही विकतात ना?

विकतात दोघंही. चांगला ब्रीडर एका, फार तर दोन जातींवर काम करतो. त्याच्याकडे माद्या मोजक्या असतात, प्रत्येकीला नाव असतं, आणि अमुक नराशीच मेटिंग का केली हे तो तुम्हाला कंटाळा येईस्तोवर सांगतो. पप्पी मिल म्हणजे पिल्लांचा कारखाना. माद्या पिंजऱ्यात, दर माजाला मेटिंग, आणि पिल्लं महिन्याची झाली की रवाना. तिथे मागाल ती जात मागाल त्या दिवशी हजर असते.

अडचण अशी की हा कारखाना गिऱ्हाइकाला दिसतच नाही. दिसतो तो मधला माणूस. फ्लॅटच्या बाल्कनीत चार पिल्लं ठेवलेली, फोनवर गोड बोलणं आणि 'आपल्या घरचीच आहेत' हे वाक्य. त्यामुळे जागा किती मोठी, टाइल्स लावल्यात की नाही, यावरून काही ठरवू नका. मादी कोणत्या हालतीत आहे यावरून ठरवा. दहा माद्या नीट सांभाळणारा माणूस असतो आणि दोनच माद्यांना पिळून काढणाराही असतो.

२. नागपुरात चांगला ब्रीडर शोधायचा कुठून?

जाहिरातीतून नाही. आधी तुम्हाला हवी त्या जातीची कुत्री पाळणाऱ्या लोकांना गाठा. सकाळी अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सकडे फिरायला गेलात तर असे लोक सहज भेटतात आणि कुत्र्याविषयी विचारलं की बोलायला एका पायावर तयार असतात. कुत्रं चार-पाच वर्षांचं असेल तर उत्तम. पिल्लू सगळ्यांचंच गोंडस असतं. पाचव्या वर्षी त्याचे पाय, कातडी आणि स्वभाव कसा आहे ते विचारा. कुठून आणलं आणि आज परत तिथूनच आणाल का, हेही विचारा.

दुसरी जागा म्हणजे पशुवैद्यक. डॉक्टर सहसा नाव सुचवायला कचरतात, म्हणून प्रश्न उलटा टाका: 'कोणाकडची पिल्लं तुमच्याकडे आजारी होऊन येत नाहीत?' कुणी डॉक्टर एकाच विक्रेत्याचं कार्ड हातात ठेवत असेल तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांकडेही चौकशी करा. तिसरी जागा डॉग शो, बहुतेक हिवाळ्यातले. तिथे पिल्लू बुक करायला नका जाऊ, ओळखी करायला जा.

चांगल्या ब्रीडरकडे बहुतेक वेळा आज पिल्लू नसतं. 'पुढच्या लिटरला (म्हणजे पुढच्या वेताला) सांगतो' हे उत्तर चांगलं लक्षण आहे.

३. ब्रीडरला लायसन्स लागतं का? इकडे तर कोणीच दाखवत नाही.

लागतं. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे हे नियम आहेत. त्यानुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत. वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचाच्या वर नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि विकताना त्याला मायक्रोचिप आणि वयाप्रमाणे लस दिलेली असली पाहिजे.

बरेच जण नोंदणी करत नाहीत, हे खरंच आहे. पण प्रश्न विचारल्यावर समोरचा काय करतो ते बघा. 'अर्ज केलाय, ही पोच' म्हणणारा एक, आणि 'एवढं कायद्याचं असेल तर दुसरीकडून घ्या' म्हणणारा दुसरा. दुसऱ्याचा सल्ला ताबडतोब माना.

४. पिल्लू पाहायला गेल्यावर नेमकं काय पाहू? मला तर सगळीच चांगली वाटतात.

सगळ्यांनाच वाटतात, म्हणून पिल्लांकडे शेवटी वळा. आधी आई पाहायला मागा, आणि तीही ती राहते त्या जागी. दोरी लावून बाहेर आणून दाखवली तर 'आत येऊन पाहतो' म्हणा.

तिच्याजवळ खाली बसा. पंजे पाहा. रोज चालणाऱ्या कुत्रीची नखं घासलेली असतात. पिंजऱ्यातल्या मादीची लांब, वळलेली असतात आणि लघवीत उभं राहून राहून पंज्यांचे केस पिवळे पडलेले असतात. कोपरं आणि टाचा पाहा. सिमेंटवर पडून राहिलेल्या कुत्रीच्या तिथे जाड, काळे, बिनकेसांचे घट्टे पडतात. मालकालाच ओठ वर करायला सांगून सुळे पाहा. वर्षानुवर्षं जाळी चावणाऱ्या कुत्रीचे सुळे मागच्या बाजूने झिजलेले असतात, आणि हे फिनाईल मारून किंवा आदल्या दिवशी आंघोळ घालून लपवता येत नाही. मालक जवळ आला की ती शेपूट हलवते की दबून कोपऱ्यात सरकते, हेही पाहून घ्या.

एका बाबतीत मात्र तिच्यावर अन्याय करू नका. बाळंत झालेल्या कुत्रीचे केस दीड-दोन महिन्यांनी भरपूर गळतात आणि ती जरा उतरलेलीही दिसते. ही उपासमार नव्हे. बरगड्या मोजता येत असतील आणि डोळे निस्तेज असतील तर गोष्ट वेगळी.

आता पिल्लं. डोळे-नाक कोरडे, हिरड्या गुलाबी, शेपटीखालची जागा स्वच्छ हवी. पोट ढोलासारखं आणि अंग बारीक असेल तर ते बाळसं नाही, जंत आहेत. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा; आपल्याकडे टिक फीवरचे पेशंट बारा महिने असतात. एकच पिल्लू नाही, सगळी भावंडं पाहा. एक जरी सुस्त पडलेलं किंवा पातळ हगणारं असेल तर त्या दिवशी त्या घरातून कुठलंच पिल्लू उचलू नका.

५. 'मादी चावते', 'मादी गावी आहे' म्हणतो. मग काय करायचं?

परत यायचं. पिल्लांची आई मेलेलीही असू शकते, पण तसं असेल तर त्या मेटिंगचे, बाळंतपणाचे, डॉक्टरचे कागद आणि फोटो असतात. नर दुसऱ्याचा असणं मात्र अगदी नेहमीचं आहे, त्यात संशयाचं काही नाही.

आता हुशार विक्रेते कोणतीही एक मादी आणून दाखवतात. दूध पाजणारी मादी ओळखणं अवघड नाही: पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत सड लोंबलेले, ओढलेले दिसतात. पोट कुमारिकेसारखं घट्ट असेल तर ती यांची आई नव्हे. आणि तिला पिल्लांजवळ सोडायला सांगा. खरी आई हुंगते, चाटते, वैतागली तर डाफरतेही. परकी कुत्री गोंधळते किंवा सरळ निघून जाते.

६. भाऊ, ३५ दिवसाचं पिल्लू देऊन राहिला. म्हणते लहान नेलं तर लळा लागते. खरं काय?

खोटं. लळा आठ आठवड्यांच्या पिल्लालाही तितकाच लागतो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी चावाचावी करताना ते दात किती जोरात लावायचे हे शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे हातपाय चावतात, एकटी ठेवली की किंचाळतात, आणि मग 'कुत्रं चावरं निघालं' म्हणून सोडली जातात. विक्रेत्याला घाई असते कारण याच दिवसांत पिल्लांचं खाणं वाढतं, आणि लस व जंतनाशकाचा खर्चही पुढ्यात येतो. नियम प्रश्न ३ मध्ये आहेच.

वय खोटं सांगत असेल तर दात दाखवून डॉक्टरांकडून अंदाज घ्या. दुधाचे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि आठव्यापर्यंत अठ्ठावीस पूर्ण होतात.

७. केसीआय पेपर असला म्हणजे पिल्लू चांगलं?

पेपर म्हणजे वंशावळ: आई कोण, बाप कोण, आजे-पणजे कोण. केनेल क्लब ऑफ इंडिया ती नोंद ठेवतं. तब्येतीची हमी त्यात नसते. पेपरवाल्या आईबापांचे खुबे खराब असू शकतात आणि बिनपेपरचं लॅब (लॅब्राडोर) चौदा वर्षं ठणठणीत जगू शकतं.

तरीही पेपरचा उपयोग आहे, कारण त्यावर मायक्रोचिपचा नंबर असतो. पंधरा आकडी. दवाखान्यात स्कॅनर मानेवरून फिरवला की नंबर दिसतो. तो कागदाशी जुळवा. 'पेपर दोन महिन्यांनी पाठवतो' यावर पूर्ण पैसे देऊ नका. आणि पेपरसह एक भाव, पेपरविना दुसरा, असं एकाच पिल्लाबद्दल कोणी बोलत असेल तर पेपर दुसऱ्याच लिटरचे असण्याची शक्यता मोठी.

मोठ्या जातींत पेपरपेक्षा मी आईबापांचे एक्स-रे आधी मागेन. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात येतो. डॉबरमनमध्ये हृदयाचा, पॉमेरेनियनसारख्या छोट्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा. 'कसला एक्स-रे?' असं विचारणारा ब्रीडर वाईटच असेल असं नाही, पण त्याने पैदाशीचा अभ्यास केलेला नाही एवढं कळतं.

८. लसीचं कार्ड दिलं आहे. खरं की खोटं कसं ओळखू?

नुसतं पेनाने 'लस दिली' आणि सही असेल तर ते कार्ड रद्दी समजा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवलेलं असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. शेजारी तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का, नोंदणी क्रमांकासह. शिक्क्यावरच्या दवाखान्यात फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

तारखा वयाशी जुळवा. पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. दीड महिन्याच्या पिल्लाला 'सगळ्या लसी झाल्यात, रेबीजसकट' असं कार्ड सांगत असेल तर वय तरी खोटं किंवा लस तरी.

९. ब्रीडरच उलट मला प्रश्न विचारून राहिला. घरी कोण असते, गच्चीवर बांधणार का... हे काहून?

कारण तो चांगला आहे. उत्तरं खरी द्या.

१०. पेट शॉपमधून किंवा रस्त्यावर टोपलीत विकतात त्यांच्याकडून घेतलं तर?

दोन्हीकडे आई दिसत नाही, म्हणजे प्रश्न ४ तिथेच निकालात निघाला. पेट शॉपला २०१८ च्या वेगळ्या नियमांनी नोंदणी सक्तीची आहे. सार्वजनिक जागी पिल्लं मांडून विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकाच जाळीत ठेवली की एकाचा आजार सगळ्यांना लागतो. दुकानातून पट्टा, भांडी, खाणं खुशाल घ्या.

११. ऑनलाइन फोटो पाहून दुसऱ्या शहरातून मागवू का? ट्रॅव्हल्सने पाठवतो म्हणतो.

नागपूर मध्यावर असल्यामुळे चारही दिशांनी पिल्लं येतात, आणि इथूनही जातात. पहाटे बसच्या डिकीतून पुठ्ठ्याचा खोका उतरतो, भोकं पाडलेला, आत ओल्या कागदावर पिल्लू. दहा-बारा तास पाण्याविना, कधी त्याहून जास्त. असं पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब करायला लागलं तर नवल नाही.

निम्म्या भावातल्या जाहिरातींत तर पिल्लूच नसतं. आधी टोकन, मग गाडीभाडं, मग 'विमा', मग 'पिंजऱ्याचं डिपॉझिट', सगळं यूपीआयवर. त्याच फोटोचा गूगलवर शोध घेतला तर तो तीन देशांत सापडतो. पैसे गेले असतील तर तासाच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम गोठवली जाऊ शकते.

बाहेरगावचा ब्रीडर खरोखर चांगला असेल तर स्वतः जा आणि पिल्लू सोबत घेऊन या. रेल्वेत एसी फर्स्टचं पूर्ण कुपे किंवा केबिन मिळालं तर कुत्रं बरोबर नेता येतं. नाहीतर ते गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातं, आणि तिथे दोन महिन्यांचं पिल्लू ठेवायला माझा तरी जीव धजणार नाही. 'अर्ध्या रस्त्यात भेटू, पेट्रोल पंपावर देतो' हा प्रस्तावही नको. त्याला घर दाखवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१२. नागपूरच्या उन्हात हस्की राहील का? ब्रीडर म्हणते कूलर पुरते.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपात रात्रीही भिंती गरम असतात. कूलरने माणसाचं भागतं कारण माणूस घामाने थंड होतो. कुत्रं मुख्यतः धापा टाकून थंड होतं. हस्की आणि सेंट बर्नार्डला वरून दुहेरी केस, तर पग आणि बुलडॉगचं नाक इतकं आखूड की धापसुद्धा धड टाकता येत नाही. चोवीस तास एसी आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, हे जमणार असेल तरच विचार करा. पाऊस सुरू झाला आणि उमस वाढली की कूलर तसाही निकामी होतो.

या गावात राहून 'काही होत नाही, सवय होते' म्हणत हस्की विकणाऱ्याचं बाकीचं बोलणंही मी त्याच भावाने घेईन. उन्हाला टिकणारं, जातिवंतच हवं असेल तर आपल्या महाराष्ट्र-कर्नाटकातलं कारवान पाहा, पण त्याला रोज पळायला मोकळी जागा लागते. फ्लॅटमध्ये नको. पिल्लू कुठलंही असो, एप्रिल-मेमध्ये प्रवास करून आणू नका.

१३. शेजारच्या काकूंच्या लॅबने पिल्लं दिली आहेत. त्या तर ब्रीडर नाहीत. घेऊ का?

आई डोळ्यांसमोर, घर ओळखीचं, लपवण्यासारखं काही नाही. पुष्कळदा हा पर्याय जाहिरातीतल्या 'केनेल'पेक्षा बरा असतो. तपासायचं ते तेच: मादीचं वय, नर कोण होता, लस, आठ आठवडे. मेटिंगचा नर तिचाच भाऊ किंवा मुलगा नव्हता ना, एवढं मोकळेपणी विचारा. घरगुती लिटरमध्ये ही गोष्ट होते.

काकूंनाही एक सांगा. पैदास करून पैसे घेऊन विकणाऱ्याला २०१७ चे नियम लागू होतात, मग शेड असो की दिवाणखाना. आणि 'एकदा पिल्लं झालीच पाहिजेत, नाहीतर कुत्री आजारी पडते' याला वैद्यकीय आधार नाही. वेळेवर नसबंदी केली तर गर्भाशयात पू होण्याचा धोका उलट संपतो.

१४. पिटबुल, रॉटवायलरवर बंदी आहे ना? मग विकतात कसे?

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून अशा २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवलं. पण सोसायटीचा, भाड्याच्या घरमालकाचा आणि मनपाच्या परवान्याचा प्रश्न आधी सोडवा. 'चोरून देतो, बंदी आहे म्हणून जास्त भाव' म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

१५. 'इम्पोर्ट लाइन', 'डबल बोन', 'टीकप', 'दुर्मीळ रंग' हे काय असते?

भाव वाढवायचे शब्द. 'डबल बोन' नावाची कुठली जात नाही. पिल्लाला खाऊ घालून गुबगुबीत केलं की ते डबल बोन होतं. टीकप म्हणजे मुद्दाम सगळ्यात खुजी पिल्लं निवडून काढलेली, ज्यांच्या रक्तातली साखर एक वेळचं खाणं चुकलं तरी घसरते. इम्पोर्टबद्दल: २०१६ मध्ये केंद्राने विक्री आणि पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर बंदी घातली, त्यामुळे 'बाप रशियातून आणलाय' म्हटलं की आयातीचे कागद मागा. मग पुढचं संभाषण सहसा लहान होतं.

१६. घरी आणून तीन दिवस झाले. उलट्या, रक्ताचे वासाडे जुलाब. ब्रीडर म्हणतो तुमच्या खाण्याने झालं.

हे वाचत बसू नका, दवाखान्यात जा. पार्वो असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात. दही-भात, हळद, ओआरएस यावर रात्र काढू नका. रात्री-अपरात्री कोण उघडं आहे हे पिल्लू आणायच्या आधीच शोधून ठेवायला हवं; दिवसा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याचाही पर्याय आहे.

डॉक्टरांकडून तपासणीचा रिपोर्ट लेखी घ्या. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात, म्हणून आणल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू लागण घेऊनच आलेलं असतं, आणि रिपोर्टवरची तारीख ते सिद्ध करते. पिल्लू गेलं तर घर ब्लीचने धुवा. नुसत्या फिनाईलने पार्वोचा भरवसा देता येत नाही, आणि हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. तोवर लस अपुरी असलेलं दुसरं पिल्लू त्या घरात आणू नका, विक्रेता फुकट देत असला तरी.

१७. फार वाईट हालतीत ठेवलं होतं. दया आली. विकत घेऊन सोडवलं तर चुकलं का?

दया येणं चुकीचं कसं म्हणणार? पण त्या विक्रेत्याच्या वहीत ती फक्त विक्री असते. रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात पुढचं पिल्लू येतं आणि ज्या मादीमुळे तुम्हाला वाईट वाटलं ती तिथेच राहते. घेतलंच असेल तर थेट डॉक्टरांकडे न्या आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्यापासून दोन आठवडे वेगळं ठेवा. आणि पुढचा प्रश्न वाचा.

१८. तक्रार कुठे करायची? काही होते का?

पैशाची तक्रार आणि क्रूरतेची तक्रार वेगवेगळ्या ठिकाणी जाते. आजारी पिल्लू, खोटे कागद, परतफेड नाकारली, यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. त्यासाठी पावती हवी: तारीख, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, पिल्लाची जात, जन्मतारीख, चिप नंबर, रक्कम. पावती देत नसेल तर निदान पैसे यूपीआयने द्या आणि चॅट पुसू नका.

मादींचे हाल दिसले असतील तर पोलीस ठाणे, जिल्ह्याची प्राणी क्रूरता प्रतिबंधक समिती आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय. अर्ज लेखी, पोच घेऊन. जागेचा पत्ता, तारखा, फोटो, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडा. 'फार वाईट ठेवतात' या एका ओळीवर कोणी हलत नाही. 'अमुक पत्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तीन पिंजरे, पाणी नाही, दुपारी दोन वाजता' यावर हलावं लागतं.

१९. लहान पिल्लूच पाहिजे असं नाही. ब्रीडरकडून मोठं कुत्रं मिळते का?

मिळतं, आणि फार कमी लोक विचारतात. पैदाशीतून काढलेली पाच-सहा वर्षांची मादी चांगले ब्रीडर नसबंदी करून योग्य घरी देतात, बरेचदा पैसे न घेता. शी-शूची सवय असते, स्वभाव समोर दिसतो, आणि रात्रभर रडणारं पिल्लू सांभाळावं लागत नाही. निवृत्त माद्यांचं तुम्ही काय करता, हा प्रश्न पिल्लू घेणाऱ्यांनीही ब्रीडरला विचारावा. काहींच्या घरात त्या म्हाताऱ्या सोफ्यावर लोळताना दिसतात. काही जण विषय बदलतात.

आणि देशी पिल्लू दत्तक घ्यायचं असेल तर यातले निम्मे प्रश्न लागूच होत नाहीत. लस, जंतनाशक, वेळेवर नसबंदी आणि मनपाकडे नोंदणी, एवढं करा. उन्हाचं त्याला तुम्ही शिकवायची गरज नाही.